रेझिनच्या दागिन्यांसाठी लाकूड : निवड व पूर्वतयारी

फळबागांची छाटणी, बांधावरील बाभळी-बोरींची छाटाछाट आणि मोडकळीस आलेली लाकडी अवजारे यांपासून शेतकऱ्याच्या घरी दरवर्षी बरेच लाकूड निघते. त्यातील बहुतेक चुलीत जाते. सरपण म्हणून त्याचा उपयोग आहेच; परंतु ह्याच लाकडातील निवडक तुकडे वाळवून, स्वच्छ करून व पारदर्शक रेझिनमध्ये बसवून त्यांची पदके, कर्णफुले, आंगठ्या व बांगड्या तयार करता येतात. अशा दागिन्यांना लाकूड फारच थोडे लागते. मुठीएवढ्या ठोकळ्यातून दहा-बारा पदकांना पुरतील इतके तुकडे निघतात. काम सावलीत बसून, फावल्या वेळी व थोड्या हत्यारांनी होण्यासारखे असल्याने महिला बचत गटांना व अल्पभूधारक कुटुंबांना हा जोडधंदा सोयीचा आहे.

झाडापासून किंवा किड्यापासून मिळणारी राळ खेडेगावाला नवी नाही. पळस, बोर व कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख बांगड्यांसाठी फार पूर्वीपासून वापरली जात आहे. हल्ली दागिन्यांसाठी जे इपॉक्सी रेझिन वापरतात ती कृत्रिम राळ होय. तिचा व्यापारी वापर १९४० च्या दशकात सुरू झाला. ती दोन द्रवांच्या रूपात मिळते : एक रेझिन व दुसरा ते घट्ट करणारा हार्डनर. हे दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया होऊन मिश्रण तापते व काही तासांत घट्ट होते. लाख उष्णतेने पुन्हा वितळते. इपॉक्सी एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा वितळून ओतता येत नाही. म्हणूनच तिच्यात जे लाकूड एकदा बसविले ते सुधारण्याची सोय राहत नाही.

नवा दागिना तयार झाला त्या दिवशी बहुधा सुंदरच दिसतो. दोष नंतर दिसू लागतात. महिन्या-दोन महिन्यांनी लाकूड व रेझिन यांच्या सांध्यात केसासारखी फट पडते, रेझिनमध्ये दुधाळ झाक येते, किंवा बारीक छिद्रातून पिठासारखा भुसा गळू लागतो. अशा वेळी दोष रेझिनला दिला जातो व अधिक महाग रेझिन आणले जाते. परंतु बहुतेक वेळा चूक लाकडाच्या तयारीत झालेली असते. रेझिन बाजारात सर्वांना सारखेच मिळते. माल टिकाऊ होणे किंवा परत येणे हे लाकूड किती कोरडे, निरोगी व स्वच्छ होते यावर अवलंबून असते. ज्या गटाने आपल्या बचतीतून भांडवल घातले आहे त्या गटाला परत आलेला माल परवडत नाही, आणि गेलेला विश्वास तर पैशानेही परत मिळत नाही.

ओलाव्याचे महत्त्व

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते व काही पेशींच्या भित्तिकांत मुरलेले असते. लाकूड वाळू लागले म्हणजे प्रथम मोकळे पाणी निघून जाते. तोपर्यंत लाकूड हलके होते, पण आकाराने लहान होत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आला की भित्तिकांतील पाणी निघू लागते व तेथून लाकूड आकसण्यास प्रारंभ होतो. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने अधिक, आणि वाढीच्या वलयांना धरून जाणाऱ्या दिशेने त्याच्याही जवळजवळ दुप्पट असते. गोल चकतीला सालीकडून गाभ्याकडे जाणारी भेग पडते ती याच कारणाने.

उदाहरणार्थ, ३ सें.मी. रुंदीचा तुकडा २५ टक्के ओलावा असताना रेझिनमध्ये बसविला व पुढे तो ८ टक्क्यांपर्यंत वाळला असे समजू. वलयांच्या दिशेने त्या लाकडाचे संपूर्ण आकुंचन ८ टक्के धरले, तर हा तुकडा सव्वा मिलिमीटरहून अधिक आकसेल. रेझिन मात्र त्याच्याबरोबर आकसणार नाही. मग सांधा सुटतो किंवा लाकूड तडकते. याशिवाय मिश्रण तापताना ओल्या लाकडातील वाफ व हवा बाहेर पडून बुडबुडे अडकतात, आणि हार्डनरचा पाण्याशी संबंध येऊन रेझिन गढूळ होते. हे तीनही दोष एकाच कारणाचे आहेत.

दागिन्यासाठी लाकडातील ओलावा ८ ते १० टक्के असावा. १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

लाकूड कोठून घ्यावे

लाकूड मिळविण्यासाठी उभे झाड तोडण्याची मुळीच आवश्यकता नाही. पुढील ठिकाणांहून पुरेसा माल मिळतो.

जुनी अवजारे : मोडका लाकडी नांगर, वखर, तिफण, बैलगाडीच्या चाकाचे आरे व तुंबे ही बहुधा बाभळीची असतात. हे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले, घट्ट व तांबूस तपकिरी रंगाचे असून त्यावर झीज व रेषा उठून दिसतात. अशा लाकडाला नव्या लाकडाप्रमाणे पुन्हा फारसे आकसावे लागत नाही, म्हणून नवशिक्यांनी सुरुवात याच लाकडाने करणे इष्ट होय. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. लोखंडी खिळ्याजवळचे लाकूड काळे पडलेले असते, कारण बाभळीतील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होतो; हा डाग घासून जात नाही. आसाजवळच्या लाकडात वंगण मुरलेले असते व त्याला रेझिन धरत नाही. तो भाग कापून टाकावा. जुना रंग लावलेले लाकूड घासू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो व ते भुश्यावाटे श्वासात जाते.

फळबागांची छाटणी : संत्रा, लिंबू व डाळिंब यांचे लाकूड पिवळसर, घट्ट व बारीक पोताचे असते. काढून टाकलेल्या जुन्या झाडांची खोडे व जाड फांद्या यासाठी उत्तम. बोरीचे लाकूड तांबूस व कठीण असते. द्राक्षबागेतील एप्रिलच्या खरड छाटणीत निघणारे जुने ओलांडे व उपटलेल्या वेलींची खोडे यांचे आडवे काप नक्षीदार दिसतात. परंतु काडीच्या मध्यभागी भेंड असते, ते कोरून काढावे. आंब्याचे लाकूड फिकट असून सहज वाळते, पण ओले राहिल्यास लवकर निळे-काळे पडते व त्याला भुंगेराही लवकर लागतो.

बांधावरील झाडे : बाभूळ, निंब, सुबाभूळ, शिसव यांच्या वठलेल्या किंवा वाऱ्याने मोडलेल्या फांद्या घ्याव्यात. चिंचेच्या जुन्या झाडाचा गाभा गर्द जांभळट तपकिरी व बाहेरचे लाकूड फिकट पिवळे असते. एकाच तुकड्यात हे दोन रंग मिळाले तर दागिन्याला वेगळी शोभा येते.

सुताराकडील तुकडे : सागवानाचे तुकडे सुताराच्या कारखान्यात मिळतात. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे रेझिन चिकटण्यास अडथळा येतो. त्यावरील उपाय पुढे दिला आहे.

निवड करताना लाकडाचा गाभा पसंत करावा. सालीलगतच्या फिकट लाकडात, म्हणजे रसकाष्ठात, पिष्टाचा अंश अधिक असतो व किडी त्यावरच येतात. तुकडा नखाने दाबून पाहावा. नख सहज रुतल्यास लाकूड कुजू लागले आहे असे समजावे. पांगारा व सावर यांसारखी हलकी, सच्छिद्र लाकडे रेझिन शोषून घेतात व खर्च वाढवितात, ती टाळावीत. वेड्यावाकड्या रेषांचा व लहान गाठींचा तुकडा सुताराला नकोसा असला तरी दागिन्यासाठी तोच मोलाचा ठरतो. मात्र गाठ पक्की असावी, हलणारी नसावी.

कोणते लाकूड वर्ज्य

दागिना अंगाला लागतो व घडविताना भुसा नाकातोंडात जातो. म्हणून बिब्बा, कण्हेर, पिवळी कण्हेर, काजरा, थोर व शेर यांचे लाकूड कोणत्याही कारणाने घेऊ नये. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. कण्हेर व काजरा विषारी आहेत. रेल्वेचे जुने स्लीपर किंवा डांबरी तेल पाजलेले खांबही वर्ज्य आहेत. साग व शिसव यांच्या भुश्याने काही लोकांच्या अंगावर पुरळ उठते. अशा व्यक्तींनी त्या लाकडांवर काम करू नये.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, फणस, मोह, खैर, चंदन, हिरडा, जांभूळ इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शासकीय वनातून लाकूड आणणे हा गुन्हा आहे. शिसवीच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रित झालेला असल्याने शिसवीचा माल परदेशी पाठविण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. लाकूड कोठून आले याची नोंद गटाच्या वहीत ठेवण्याची सवय प्रथमपासूनच लावावी. ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडते व ग्राहकालाही सांगता येते.

वाळविण्याची रीत

ओले लाकूड उन्हात टाकले की लवकर वाळते हा समज नुकसानकारक आहे. उन्हात बाहेरचा थर झपाट्याने वाळून आकसतो, आतला थर ओलाच राहतो व लाकूड तडकते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. फांदी आणल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा जुना तेलरंग लावावा. लाकडातील पाणी टोकांकडून सर्वांत लवकर निघते. तेथे अटकाव केला म्हणजे टोके फाटत नाहीत.

२. जाड फांदीचे उभे दोन भाग करावेत व साल काढून टाकावी. सालीखाली कीड व बुरशी वाढते.

३. हवेशीर सावलीत, जमिनीपासून निदान ३० सें.मी. उंच माचावर लाकूड रचावे. दोन थरांमध्ये सुमारे २ सें.मी. जाडीच्या कोरड्या पट्ट्या घालाव्यात. माचाच्या पायांना वाळवी लागत नाही हे पाहावे.

४. दर पंधरा दिवसांनी रास उलटीपालटी करावी. पातळ तुकडे उन्हाळ्यात काही आठवड्यांत, तर जाड ठोकळे कित्येक महिन्यांनी वाळतात.

५. लाकूड बऱ्यापैकी वाळल्यावर त्याचे दागिन्याच्या मापापेक्षा थोडे मोठे तुकडे कापावेत व ते सौर वाळवणी यंत्रात किंवा विजेच्या भट्टीत ५० ते ६० अंश सेल्सियस उष्णतेत अखेरचे वाळवावेत.

अखेरचे वाळविणे का आवश्यक आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. लाकूड हवेतील दमटपणाशी सतत देवाणघेवाण करीत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के ओलावा राहतो. ६५ टक्के आर्द्रतेत सुमारे १२ टक्के, आणि ८० टक्के आर्द्रतेत सुमारे १६ टक्के. कोकणात पावसाळ्यामध्ये सावलीत ठेवलेले लाकूड, मग ते पन्नास वर्षांचे जुने का असेना, १६ टक्क्यांच्या खाली येणे कठीण. उलट विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जात असल्याने तेच लाकूड नुसत्या सावलीतही ८ टक्क्यांच्या आसपास येते. जुने लाकूड म्हणजे कोरडे लाकूड असे मानून चालणार नाही. ओतकामाचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा ठेवावा, आणि पावसाळ्यात काम करावयाचे असल्यास तुकडे भट्टीतून काढून थेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

ओलावा कसा मोजावा

धान्य साठविण्यापूर्वी दाणा दाताखाली फोडून पाहण्याची शेतकऱ्याची पद्धत आहे. लाकडाच्या बाबतीत अशी दाताची पारख चालत नाही. त्याला वजनकाटा हवा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा रेझिन मोजण्यासाठीही लागतोच.

राशीच्या मधल्या ठोकळ्याच्या मध्यभागातून एक पातळ काप काढावा. टोकाचा काप घेऊ नये, कारण टोक नेहमी अधिक वाळलेले असते. त्याचे ताबडतोब वजन करावे. नंतर तो १०० ते १०३ अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत ठेवून दर काही तासांनी पुन्हा तोलावा. लागोपाठच्या दोन तोलांत वजन कमी झाले नाही म्हणजे काप पूर्ण वाळला. समजा, सुरुवातीचे वजन ६८ ग्रॅम होते व अखेरचे ५० ग्रॅम भरले. गेलेले पाणी १८ ग्रॅम. १८ ला ५० ने भागून १०० ने गुणल्यास ३६ येतात. म्हणजे ओलावा ३६ टक्के. तेच सुरुवातीचे वजन ५४.५ ग्रॅम असते तर ओलावा ९ टक्के आला असता व लाकूड कामास योग्य ठरले असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. धान्याचा ओलावा सामान्यतः ओल्या वजनावर काढतात. लाकडाचा ओलावा कोरड्या वजनावर काढतात. त्यामुळे धान्याचा ओलावामापक लाकडासाठी उपयोगी नाही.

भट्टी उपलब्ध नसल्यास चार-पाच तुकड्यांवर क्रमांक घालून ते वाळवणी यंत्रात ठेवावेत व रोज एकाच वेळी तोलावेत. लागोपाठ तीन दिवस वजन स्थिर राहिल्यास ते लाकूड त्या यंत्रातील हवेपुरते वाळले असे समजावे. झटपट पारखीसाठी तुकडा कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून तासभर उन्हात ठेवावा. काचेवर आतून दव जमले तर तो तुकडा निश्चितच ओला आहे. दव जमले नाही म्हणून मात्र तो तयार आहे असे ठरत नाही; खात्री वजनानेच करावी.

किडीपासून संरक्षण

रसकाष्ठात शिरणारे बारीक भुंगेरे लाकडाचे पीठ करतात. बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र व खाली भुश्याची लहान ढीग दिसते. असा तुकडा रेझिनने मढविला तरी आतली अळी लगेच मरेल असे नाही. तिचे पोखरणे पुढे चालू राहते.

दागिन्याच्या तुकड्यांना सर्वांत सोपा व निर्धोक उपाय म्हणजे उष्णता. लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग ३० मिनिटे टिकली की कीड मरते. २ सें.मी. जाडीपर्यंतचे तुकडे ६० ते ६५ अंशांत तीन-चार तास ठेवल्यास हे साधते. म्हणजे अखेरचे वाळविणे व कीड मारणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. मोठ्या प्रमाणावर ओले लाकूड साठवावयाचे असल्यास बोरिक ॲसिड २ भाग व टाकणखार ३ भाग यांचे मिश्रण ५ किलो घेऊन १०० लिटर पाण्यात विरघळवावे व त्यात ओले लाकूड बुडवून नंतर वाळवावे.

पिकांवर फवारण्याची कीटकनाशके ह्या लाकडाला कधीही लावू नयेत. घरात ती शिल्लक असतात म्हणून वापरण्याचा मोह होतो. पण हा दागिना कोणाच्या तरी गळ्यात किंवा कानात दिवसभर राहणार आहे, आणि त्याचा भुसा करणाऱ्या व्यक्तीच्या श्वासात जाणार आहे.

रेझिन ओतण्यापूर्वीची तयारी

तुकडा कापून आकार दिल्यावर कानशीने व त्यानंतर ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावा. फार गुळगुळीत करू नये. किंचित खडबडीत पृष्ठभागाला रेझिन चांगले धरते. तुटलेली, दातेरी कड दाखवावयाची असल्यास लाकूड करवतीने न कापता थोडे चिरून हाताने मोडावे व सुटलेले तंतू ताठ कुंचल्याने काढून टाकावेत. भुसा कोरड्या कुंचल्याने झाडावा; ओल्या फडक्याने पुसल्यास वाळविण्याचे श्रम वाया जातात. सागासारखे तेलकट लाकूड ओतण्याच्या थोडेच आधी ॲसिटोनमध्ये भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. ॲसिटोन झटकन पेट घेते. चूल, विडी किंवा दिवा जवळ असू नये.

यानंतर लाकडाची छिद्रे बंद करावीत. त्यासाठी तुकडे ५० अंशांपर्यंत गरम करून बाहेर काढावेत व ते निवत असताना त्यांवर पातळ रेझिनचा एक हात सर्व बाजूंनी द्यावा. लाकूड निवताना त्याच्या छिद्रांतील हवा आकसते व रेझिन आत ओढले जाते. उलट, लाकूड तापत असताना ओतल्यास हवा फुगून बुडबुडे बाहेर पडतात. हा पहिला हात अजून किंचित चिकट असतानाच मुख्य ओतकाम केल्यास दोन्ही थर एकजीव होतात. तो पूर्ण घट्ट झाला असेल, तर मात्र वरून पॉलिश पेपर फिरवून मग ओतावे.

मिश्रण व ओतकाम

हार्डनर जास्त घातल्यास रेझिन लवकर घट्ट होते, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक कंपनीचे प्रमाण डब्यावर छापलेले असते; ते वजनाचे आहे की मापाचे हेही पाहावे. प्रमाण चुकल्यास रेझिन कायमचे चिकट राहते.

किती मिश्रण करावे याचा हिशेब आधी करावा. ४ सें.मी. लांब, ३ सें.मी. रुंद व ०.६ सें.मी. जाड पदकाचे आकारमान ७.२ घन सें.मी. होते. त्यातील निम्मी जागा लाकडाने व्यापली तर रेझिन ३.६ घन सें.मी. लागेल. अशा २० पदकांना ७२ घन सें.मी. एक घन सें.मी. मिश्रणाचे वजन सुमारे १.१ ग्रॅम धरल्यास ७९ ग्रॅम होतात. भांड्याला चिकटणाऱ्या भागासाठी दशांश अधिक धरून ९० ग्रॅम मिश्रण करावे. वजनी प्रमाण दोनास एक असल्यास ६० ग्रॅम रेझिन व ३० ग्रॅम हार्डनर. दोन्ही द्रव तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावेत. भांड्याच्या कडा व तळ खरवडून मिसळावेत. खोल भांड्यात भरपूर मिश्रण तयार करून ठेवू नये. ते आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडू लागते.

साचा सपाट पाटावर ठेवून मिश्रण बारीक धारेने एका कोपऱ्यातून ओतावे व वर झाकण ठेवावे. साच्यातून बाहेर काढण्यास बहुधा २४ तास पुरतात. परंतु घासणे व अंगावर घालणे यांसाठी सात दिवस थांबावे. अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनमुळे कातडीला खाज येऊ शकते. कडीसाठी पाडलेल्या भोकात लाकूड उघडे पडते. तेथे रेझिनचा थेंब लावून ते पुन्हा बंद करावे. काही लोकांना निकेल सोसत नाही, म्हणून कड्या निकेलविरहित घ्याव्यात.

काम करणाऱ्यांची दक्षता

हार्डनर वारंवार कातडीला लागल्यास काही लोकांना त्याचे वावडे उत्पन्न होते व एकदा उत्पन्न झालेले वावडे सामान्यतः जन्मभर राहते. मग ती व्यक्ती हे काम पुन्हा करू शकत नाही. म्हणून नायट्राईलचे हातमोजे, चष्मा व पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा पोलके वापरावे. हातास रेझिन लागल्यास साबण व पाण्याने धुवावे. थिनर किंवा ॲसिटोनने हात पुसू नयेत, कारण त्यामुळे रेझिन कातडीत अधिक मुरते. काम स्वयंपाकघरात करू नये. खिडक्या-दारे उघडी ठेवावीत. घासताना भुश्यापासून रक्षण करणारा मुखपट्टा बांधावा. नुसता पदर किंवा रुमाल पुरत नाही. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना या कामापासून दूर ठेवावे. उरलेले मिश्रण ओढ्यात किंवा मोरीत ओतू नये. ते घट्ट होऊ द्यावे व मग कचऱ्यात टाकावे. रेझिनचे तुकडे चुलीत जाळू नयेत.

ग्राहकालाही दोन सूचना लिहून द्याव्यात : दागिना कडक उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवू नये, कारण ५० ते ६० अंशांपुढे असे रेझिन सामान्यतः नरम पडते व सतत उन्हाने पिवळे होते, तसेच तो पाण्यात भिजत ठेवू नये.

गावात दाखविण्याचे प्रात्यक्षिक

कोरड्या लाकडाचे महत्त्व सांगून जितके पटते त्याहून पाहून अधिक पटते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच फांदीचे सहा तुकडे घ्यावेत. तीन नुकतेच कापलेले व तीन ९ टक्क्यांपर्यंत वाळविलेले असावेत. सहाही तुकड्यांची वजने वहीत लिहून, एकाच दिवशी एकाच मिश्रणात, लाकडाची एक बाजू उघडी राहील अशा रीतीने ते बसवावेत. प्रत्येकावर क्रमांक व तारीख घालून ते गटाच्या बैठकीच्या खोलीत टांगून ठेवावेत. पुढील दोन-तीन बैठकांत सभासदांनी स्वतः सांधे पाहावेत व वजने करावीत. ओल्या तुकड्यांचे वजन उतरत जाते व सांध्यात फट दिसू लागते. एवढ्या खर्चात मिळणारा हा धडा विक्रीच्या मालावर शिकण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडतो.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. उभे झाड तोडू नये. मोडकी अवजारे, छाटणी व सुताराचे तुकडे वापरावेत आणि त्यांची नोंद ठेवावी.
२. गाभ्याचे, निरोगी व पक्क्या गाठींचे लाकूड निवडावे. विषारी झाडांचे, रंगविलेले व वंगण मुरलेले लाकूड वर्ज्य करावे.
३. टोकांना मेण लावून सावलीत वाळवावे. अखेरचे वाळविणे उष्णतेने करावे.
४. ओलावा वजनाने मोजावा व १० टक्क्यांच्या खाली आल्याखेरीज रेझिन उघडू नये.
५. तुकडा निवत असताना पहिला हात द्यावा. मिश्रणाचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणेच घ्यावे.
६. हातमोजे व मुखपट्टा यांवाचून काम करू नये.

पहिल्या हंगामात दहा-वीसच दागिने करावेत, ते पावसाळाभर घरी ठेवून पाहावेत, आणि जे ओल व उन्ह सोसून अभंग राहतील त्या पद्धतीने पुढील वर्षी विक्रीचा माल तयार करावा.